‘पगार’ : एका शब्दाचे कुलशील

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रविवारची पवित्र मिस्सा संपली आणि माणसे देवालयाच्या आवारात रेंगाळू लागली, की कुशलप्रश्नांच्या ओघात एक प्रश्न हमखास कानी पडतो : ‘पगार झाला का?’ शाळेतील शिक्षक एकमेकांना तो विचारतात, इस्पितळातील परिचारिका विचारतात, एसटीत चालक असलेला आपला एखादा पुतण्या विचारतो. पाऊस झाला का, जेवण झाले का, तसेच पगार झाला का. विचारणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही आणि उत्तर देणाऱ्यालाही नाही. आम्हीही उभे आयुष्य हा प्रश्न विचारीत आलो. परंतु अलीकडे शब्दांची मुळे धुंडाळण्याचा छंद जडला, त्यात या शब्दाची गाठ पडली, आणि तेव्हापासून तो पूर्वीच्या सहजतेने ओठांवर येईनासा झाला आहे. असे का व्हावे, ते वाचकांपुढे मांडण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

‘पगार’ हा शब्द मूळचा आपला नव्हे, तो पोर्तुगिजांचा. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला, १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा घेतले, आणि त्यानंतर कोकणच्या किनाऱ्याने जहाजांतून जसा माल उतरला तसे शब्दही उतरले. बटाटा, पाव, काजू, अननस हे आपल्या पानात आले. चावी, परात, साबण हे घरात शिरले. बाजारात लिलाव आला. घमेलेदेखील त्याच गलबतातून आले. दुष्काळी कामावर डोईवर माती वाहणाऱ्या आपल्या आयाबहिणींनी आयुष्यभर पेललेल्या त्या भांड्याचे नाव पोर्तुगीज आहे, हे त्यांना कोणी सांगितले नाही. सांगून त्यांचे ओझे हलके होणार होते असेही नाही. आपण ख्रिस्ती मंडळी तर ‘पाद्री’ आणि ‘मिस्सा’ हे शब्दही त्याच वाटेने आले म्हणून या देवाणघेवाणीला विशेष परिचित आहोत. देवाणघेवाण म्हणण्याचे कारण, शब्द केवळ इकडे आले नाहीत. १५७९ साली गोव्यात आलेला फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघी मराठीच्या प्रेमात पडला आणि १६१६ मध्ये त्याचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. घेतले तसे दिलेही गेले.

आमच्या नांदेड-लातूरकडे मात्र ‘पगार’ हे किनाऱ्यावरचे पाहुणे उशिरा पोचले. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाचा. कचेरीची भाषा उर्दू, आणि नोकरदाराच्या हाती पडे तो ‘तनखा’. आजही आमच्याकडे जमीन संपादनाच्या भरपाईला कोणी भरपाई म्हणत नाही, ‘मावेजा’ म्हणतात. तनखा या शब्दाचा उगम फारसीतील ‘तनख्वाह’ मध्ये आहे. ‘तन’ म्हणजे शरीर आणि ‘ख्वाह’ म्हणजे मागणे किंवा इच्छा. देहाला जे हवे ते तनखा. मोठा सच्चा शब्द आहे हा. नांदेडच्या उस्मानशाही गिरणीत, निजामाच्याच नावाने उभ्या राहिलेल्या त्या गिरणीत, पाळी करून घरी येणाऱ्या कामगाराच्या देहाला काय हवे होते ते त्या शब्दाला ठाऊक होते. गिरणी आज राहिली नाही आणि तनखाही बोलण्यातून गेला. उरला तो पगार.

आता या पगाराचे कूळ पाहू. पोर्तुगीज भाषेत ‘पगार’ हे नाम नाही, क्रियापद आहे : पैसे देणे, चुकते करणे. त्याच्या सख्ख्या बहिणी लॅटिनच्या सर्व लेकींच्या घरी सापडतात. स्पॅनिशमध्ये ‘पागार’, इटालियनमध्ये ‘पागारे’, फ्रेंचमध्ये ‘पेये’. फ्रेंचांकडून तो इंग्रजांकडे गेला आणि ‘पे’ झाला. म्हणजे सरकारी कर्मचारी ज्या ‘पे कमिशन’ची चातक पक्ष्यासारखी वाट पाहतात, तो ‘पे’ आणि आपला ‘पगार’ ही मावसभावंडे आहेत. या साऱ्यांची आजी लॅटिनमधील ‘पाकारे’. आणि ‘पाकारे’ म्हणजे काय? शांत करणे. ‘पाक्स’, म्हणजे शांती, या शब्दापासून ते क्रियापद घडले. आपल्या मिस्सेत धर्मगुरू जी शांती उच्चारतो, जिच्यासाठी आपण शेजाऱ्याकडे वळून हात जोडतो, तिचेच लॅटिन नाव ‘पाक्स’.

शांत करणे याचा पैसे देणे हा अर्थ कसा झाला, हे समजण्यास फार विद्वत्ता नको. ज्याचे आपण देणे लागतो त्याचे मन अशांत असते. तो दारात येतो, रस्त्यात गाठतो, रात्री त्याला झोप नसते आणि ती असू नये असे त्याच्या घरची चूलही त्याला सांगत असते. त्याचे देणे दिले की तो शांत होतो. पण केवळ तोच नव्हे, देणाराही शांत होतो. स्पॅनिश माणूस हिशेब पुरा झाल्यावर आजही असे काही म्हणतो की त्याचा शब्दशः अर्थ ‘आपण आता शांतीत आहोत’ असा होईल. रोमानियन ही लॅटिनची दूर पूर्वेला दिलेली लेक. तिने पैसे देण्यासाठी शेजारच्या स्लाव भाषांकडून शब्द उसना घेतला, पण शांतीच्या मुळापासून आलेला ‘इंपका’ हा शब्द तिने माहेरच्या अर्थाने जपून ठेवला आहे. तिच्याकडे तो समेट घडविण्यासाठी, रुसलेल्यांची मने जुळविण्यासाठी वापरतात. एकाच आजीचे दागिने असे नातींमध्ये वाटले गेले.

आणि आपली मराठी? तिने परक्याचा शब्द घेतला खरा, पण तो अर्थ तिला परका नव्हता. आपण देणे ‘भागवतो’. तहान भागवतो, भूक भागवतो आणि देणेही भागवतो. तिन्हींना एकच क्रियापद. ज्या अडाणी म्हणून हिणविलेल्या माणसांनी हा शब्द असा योजला, त्यांनी देणे म्हणजे समोरच्याची तहान आहे हे ओळखले होते. आम्हांला हे ध्यानी आले तेव्हा काही वेळ पुस्तक मिटून बसावेसे वाटले.

येथेच थांबता आले असते तर लेख गोड झाला असता. पण शब्दांची कुळे खणू लागले की प्रत्येक कुळात एखादा आडवळणाचा पूर्वज निघतोच. ‘पाकारे’ हे क्रियापद सावकाराचे मन शांत करण्यासाठी वापरले जाण्याच्या कितीतरी आधी रोमन सैन्य ते वापरीत होते. सीझर आपल्या गॉल देशातील युद्धांचा वृत्तान्त लिहिताना जिंकलेल्या, नमविलेल्या मुलखाला ‘शांत केलेला’ म्हणतो. तलवारीने केलेली ती शांतता. त्याच्यानंतर दीड शतकाने टॅसिटस या रोमन इतिहासकाराने एका ब्रिटन सरदाराच्या तोंडी या शांततेचा असा काही धिक्कार घातला की तो वाचून आजही अंगावर काटा येतो. ज्याला बोलता येऊ नये अशी व्यवस्था केली आहे, तोही शांतच असतो.

याहून खोल गेले तर आणखी एक गोष्ट हाती लागते. ‘पाक्स’ या शब्दाचे मूळ बांधणे, पक्के करणे या अर्थाच्या प्राचीन धातूत आहे असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. दोन पक्षांना बांधणारा करार तो ‘पॅक्ट’, आणि त्यातून येणारी ती शांती. त्याच धातूची संस्कृत शाखा कोणती? ‘पाश’. म्हणजे लॅटिनमध्ये ज्या बांधण्याची शांती झाली, त्याच बांधण्याचा आपल्याकडे फास झाला. शब्दांच्या कुळावरून माणसांचे न्यायनिवाडे करू नयेत हे आम्ही जाणतो. तरीही प्रश्न मनातून जात नाही. एक माणूस दुसऱ्याच्या हातावर श्रमाचे पैसे ठेवतो, तेव्हा तो त्याच्याशी शांती करीत असतो, त्याला गप्प करीत असतो, की त्याच्या गळ्यात पाश अडकवीत असतो? नोटा तर तिन्ही वेळी सारख्याच दिसतात.

दिवाळीच्या आगेमागे कंधार-मुखेडकडच्या रस्त्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर दिसू लागतात. पत्र्याच्या पेट्या, गोधड्या, कोंबड्या, वर बसलेली लेकरे. ही ऊसतोडीला निघालेली माणसे. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे ‘कोयता’ म्हणतात. माणसाला हत्याराचे नाव मिळाले आहे. हंगामाआधी मुकादमाने दिलेली ‘उचल’ त्यांनी घेतलेली असते. ती लग्नात, दवाखान्यात किंवा जुन्या कर्जात केव्हाच गेलेली असते. मराठी भाषा येथेही खोटे बोलत नाही. उचल ‘अंगावर’ असते. देहाला हवे ते देणारा तनखा कोठे, आणि देहावरच चढून बसणारी ही उचल कोठे! पुढचे पाच-सहा महिने फडात राबून ती फेडायची. एक दिवस आजारपणात गेला की ‘खाडा’ पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. हंगाम संपताना फिटले नाही तर बाकी पुढच्या साली. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ साली झाला, आणि कायद्याच्या भाषेत पाहू जाता ही उचल दोघांच्या संमतीचा व्यवहार ठरू शकते. घेणाऱ्याने हात पुढे केला, देणाऱ्याने दिले, अंगठा उठला.

संमती हा शब्द उच्चारला की आम्हांला पोप तेरावे लिओ आठवतात. १५ मे १८९१ रोजी त्यांनी ‘रेरुम नोवारुम’ हे विश्वपत्र प्रसृत केले, तेव्हा युरोपातील अनेक शहाणी माणसे असे म्हणत होती की मजूर आणि मालक यांनी राजीखुशीने जो आकडा ठरविला तो न्याय्य, त्यात तिसऱ्याने बोलण्याचे कारण नाही. पोपमहोदयांनी ते मान्य केले नाही. मजुरी ठरविण्याआधी निसर्गाचा एक करार असतो, त्यानुसार काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचा संसार त्यात चालला पाहिजे. आणि गरजेपोटी किंवा अधिक वाईटाच्या भयाने जर कोणी त्याहून कमी स्वीकारले, तर तो बळजबरीचा बळी आहे, असा त्या शिकवणुकीचा आशय आहे. मिळाले तेवढ्यात तो गप्प बसला, म्हणजे तो शांत झाला असे नव्हे. सीझरची शांती आणि ख्रिस्ताची शांती यांतील भेद तेराव्या लिओंनी मजुरीच्या प्रश्नात दाखवून दिला, असे आम्हांला वाटते. ८ मे २०२५ रोजी नवे पोप निवडले गेले. सज्जात येऊन त्यांनी जगाला पहिले अभिवादन केले ते शांतीचे, आणि नाव घेतले लिओ. दोनच दिवसांनी कार्डिनलांपुढे त्यांनी त्याचे मुख्य कारण म्हणून तेरावे लिओ आणि त्यांचे ते विश्वपत्र यांचा उल्लेख केला. शांती आणि मजुरी अशी एकत्र येताना पाहून शब्दांच्या छंदिष्टाला किती आनंद झाला असेल, याची वाचकांनी कल्पना करावी.

आता थोडे आपल्या घरातले. मराठवाड्यातील आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ कुटुंबांना आपली पूर्वपीठिका ठाऊक आहे, जरी ती मुलांना सांगताना आपण थोडे अडखळतो. आपले आजे-पणजे गावकीत राबत. वेशीची राखण, सांगावा नेणे, मेलेले जनावर ओढणे, सरपण फोडणे, आणि त्याचा मोबदला म्हणजे खळ्यावरचे बलुते आणि संध्याकाळी दारोदार हिंडून गोळा केलेली येसकराची भाकरी. ते श्रमाचे मोल होते, पण मागताना हात भिकाऱ्याचा करावा लागे. देणारा उपकार केल्याच्या डौलात देई आणि घेणाऱ्याने ‘जोहार’ घालून घ्यावे अशी रीत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅव्हॉयहून आलेले संत फ्रान्सिस द सेल्सचे मिशनरी औरंगाबाद जिल्ह्याच्या खेड्यांत फिरू लागले, तेव्हा त्यांना जी माणसे भेटली ती ही होती. त्या फ्रेंच धर्मगुरूंच्या मायबोलीत शांती आणि पैसे देणे यांचे मूळ एकच होते, याची त्यांना तरी आठवण राहिली असेल काय?

अशा घरांत पहिला पगार आला तो दिवस किती मोठा असेल! कोणी प्राथमिक शिक्षक झाला, कोणी परिचारिका, कोणी रेल्वेत खलाशी. ठरलेल्या दिवशी, ठरलेली रक्कम, आणि ती घेताना मान खाली घालावी लागत नाही. कोणी वरून टाकीत नाही, कागदावर सही करून ती उचलायची. आमच्या ओळखीच्या कित्येक घरांत पहिल्या पगारातून आईला लुगडे आले, आणि उरलेल्यातून देवालयात मेणबत्ती लागली. त्या लुगड्यात केवळ पैसा नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या हात पसरणाऱ्या घराची गावाशी बरोबरीने झालेली ती पहिली तह-शांती होती. या अर्थाने ‘पगार’ हा शब्द परका असूनही आपल्याइतका कोणाला जवळचा वाटू नये. म्हणूनच, ज्यांच्या घरी पगार आला त्यांनी आपल्याकडे राबणाऱ्याला पुन्हा येसकराची भाकरी द्यावी, यासारखी विस्मृती नाही.

आणि आपण ती देतो. गुढीपाडव्याला सालगड्याचे साल ठरविताना आपणही चार लोकांसारखीच घासाघीस करतो. धुण्याभांड्याची बाई दोन दिवस आली नाही तर पैसे कापतो आणि दिवाळीला जुनी साडी देऊन भरपाई झाली असे मानतो. साडी देणे वाईट नव्हे. पण न्याय अपुरा ठेवून वर दया ओतली, तर त्या दयेला शिळ्या भाकरीचा वास येतो. आपल्या संस्थांतही एक शब्द फार सैल हाताने वापरला जातो, तो म्हणजे ‘सेवा’. वसतिगृहातील स्वयंपाकीण, बालवाडीची बाई, खेडोपाडी जाणारा धर्मशिक्षक यांना कमी दिले तर चालते, कारण ते ‘सेवा’ करतात! सेवा हे ज्याचे त्याने देवाला द्यावयाचे दान आहे. दुसऱ्याच्या खिशातून ते काढून घेऊन आपण देवाला वाहू शकत नाही.

हे आमचे मत आहे म्हणून सोडून द्यावे असे कोणास वाटेल, तर शास्त्रापुढे उभे राहावे. मोलकऱ्याची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, असे लेवीय ग्रंथ सांगतो. अनुवादात त्याचे कारणही दिले आहे : सूर्य मावळण्याआधी द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. याकोबाच्या पत्रात तर अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच आक्रोश करते. मजूर गप्प असेल, पण मजुरी गप्प बसत नाही. श्रमिकाला केलेला अन्याय हा स्वर्गाकडे धाव घेणाऱ्या पापांपैकी एक, असे कॅथलिक धर्मशिक्षणात आपण शिकतो. खुनाच्या रांगेत त्याला बसविले आहे, हे मात्र आपल्याला फारसे आठवत नाही.

या संदर्भात बेनसिराच्या ग्रंथाची आठवण होते. त्याच्या चौतिसाव्या अध्यायात गरिबाच्या धनातून केलेल्या अर्पणाविषयी आणि मजुराची मजुरी बुडविण्याविषयी फार कठोर शब्द आहेत. १५१४ साली क्यूबा बेटावर बार्तोलोमे दे लास कासास हा स्पॅनिश धर्मगुरू पेंटेकॉस्टच्या प्रवचनाची तयारी करीत असता नेमका हा अध्याय त्याच्यापुढे आला. त्याची स्वतःची जमीन होती, तीवर तेथील मूळ रहिवासी सक्तीने राबत होते, आणि तो त्यांना चांगले वागवतो असे त्याला वाटत असे. तो अध्याय वाचून त्याला पूर्वीसारखे राहता येईना. त्याने आपल्या वाट्याची ती माणसे सोडून दिली आणि पुढचे अर्धे शतक तो त्यांच्यासाठी राजदरबारी भांडत राहिला. ‘पागार’ हा शब्द त्याच्या मायबोलीत होताच. प्रवचन लिहिता लिहिता त्याला त्याचे मूळ सापडले म्हणा.

अर्थात, पैशाने सर्वच भागते असे कोणी समजू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या दमणुकीनंतर लोक गाढ झोपेत असताना, किल्लारीची जमीन हादरली आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे दहा हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. मदत आली, सरकारची आली, जगभरातून आली, ख्रिस्ती संस्थाही धावल्या. घरे बांधून झाली, रकमा वाटून झाल्या. पण आमच्या पाहण्यात एक म्हातारी होती. पैसे मिळाले का, असे कोणी विचारले की ती ‘मिळाले’ म्हणे आणि ज्या दिशेला जुने गाव होते तिकडे पाहत बसे. तेथे कोणाचे देणे नव्हते आणि कोणी सावकारही नव्हता. त्या रकमेला कोणी कधी पगार म्हटले नाही, ते योग्यच. पण जेथे देणे आहे, देणारा आहे, आणि त्याच्या खिशात पैसे आहेत, तेथे आपण ‘पगार झाला का’ असे विचारतो, जणू तोही भूकंपासारखा आपोआप होतो किंवा होत नाही. मूळचे ते क्रियापद. देणाऱ्याने करावयाची क्रिया. मराठीत येताना त्याचे नाम झाले, आणि देणारा वाक्यातून अलगद निसटला. व्याकरणात तो सुटला, एवढेच.

या लेखाची टाचणे काढीत असतानाच आमच्या लातूरच्या घराच्या कुंपणाची भिंत बांधून झाली होती. गवंडी आमच्याच धर्मग्रामातले, वयाने आमच्याहून थोडे लहान. काम झाले, भिंत सरळ झाली, आणि शेवटचे पैसे आम्ही ‘बघू, रविवारनंतर’ म्हणून ठेवले. कारण काहीच नव्हते. पैसे कपाटात होते. बँकेत जाण्याचाही प्रश्न नव्हता. काम झाल्यावर लगेच दिले तर आपण फार उतावळे दिसू, असे काहीतरी मनात असावे. रविवारी मिस्सेत ते आमच्या पुढच्या बाकावर होते. शांतीचिन्हाच्या वेळी ते वळले आणि हसून त्यांनी हात जोडले. आम्हीही जोडले. अर्पण वाहण्याआधी भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर आधी त्याच्याकडे जा, ही प्रभूची आज्ञा आम्ही शेकडो वेळा ऐकली आहे. पण अर्पणाची वेळ तर मघाशीच होऊन गेली होती.

सोमवारी सकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. ते कामावर निघून गेले होते. पैसे त्यांच्या पत्नीच्या हाती दिले. तिने ओट्यावर बसून नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि जरा संकोचून म्हणाली, ‘सर, दोन रोज कमी हायेत जी.’

आम्ही हिशेब सांगितला. मधले दोन दिवस सिमेंट आले नव्हते, काम झाले नव्हते, म्हणून ते धरले नाहीत.

‘सिमेट नव्हतं, पन ते तर आलेवते की,’ ती म्हणाली. ‘दोनी दिवस दुपारलोक बसून आले. दुसरीकडलं काम सोडून आलेवते.’

द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील चौकात दिवसभर उभी असलेली माणसे आम्ही कित्येकदा मुलांना शिकविली आहेत. मालक त्यांना विचारतो, येथे रिकामे का उभे? ती सांगतात, आम्हांला कोणी कामावर लावले नाही. उभे राहणे हेही दिवस जाणेच आहे, हे त्या मालकाने ओळखले आणि शेवटच्या तासाला आलेल्यालाही पूर्ण दीनार दिला. लातूरच्या चौकात सकाळी डबा घेऊन उभ्या असलेल्या मजुरांजवळून आम्ही रोज फिरावयास जातो. आमच्या अंगणात दोन दिवस बसून गेलेला माणूस मात्र आमच्या हिशेबात नव्हता.

आम्ही खिशात हात घातला. तेवढे पैसे जवळ नव्हते.

‘ऱ्हाऊ द्या, सांजच्याला द्या,’ ती म्हणाली आणि चहाचे आधण ठेवण्यास उठली. आम्ही तिला बसण्यास सांगितले आणि पैसे आणावयास घरी निघालो.